पाचव्या मजल्यावरची सही

माझ्या दोघांना,

गेल्या रविवारी मोठीने शाळेच्या प्रकल्पासाठी व्हिडिओ कॉलवर माझी मुलाखत घेतली. सातवा की आठवा प्रश्न होता, "आजी, तुला पटत नव्हतं, पण सगळे करतात म्हणून तू कधी काही केलंयस का?" मी म्हटलं, "छे गं, तुझी आजी कुणाचं ऐकते का?" तुम्ही दोघंही हसलात. मग धाकट्याने नेहमीचं विचारलं, "मावशी कुठाय? तिला दाखव ना." मीही नेहमीचंच सांगितलं, "गावाला गेलीय रे."

फोन ठेवल्यावर मी हिशेब केला. पाच मिनिटांत मी दोनदा खोटं बोलले होते, आणि दोन्ही प्रश्नांचं खरं उत्तर एकच होतं.

मे महिन्यात तुम्ही मुलुंडला याल, बेल वाजवाल, आणि दार मी उघडेन. मावशी नसेल. तेव्हा सामानाच्या गडबडीत काहीतरी सांगून वेळ मारून नेण्यापेक्षा आत्ताच नीट लिहून ठेवते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, आणि खरं सांगायचं तर मलाही सोपं गेलं असतं. इंग्रजीत कबुली जरा कमी बोचते. पण यातली माणसं मराठीत बोलली. जिथे अडेल तिथे बाबाला वाचून दाखवायला सांगा.

मावशी आमच्याकडे कामाला आली तेव्हा तुमचा बाबा कॉलेजात होता. ती मूळची कोकणातली. नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर तो खचला आणि लवकर गेला. भांडुपच्या डोंगरउतारावर तिची खोली होती. तिथून ती चालत यायची. सकाळी आठला पाच मिनिटं कमी असताना कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज यायचा, कारण घराची एक किल्ली तिच्याकडेच असे. तुम्हा दोघांना पहिली आंघोळ घातली ती तिनेच. मोठी, तू चालायला लागलीस ती तिचं बोट धरून, आमच्या लांब पॅसेजमध्ये. तुम्ही तिकडे गेल्यावर तुमचे लहानपणचे कपडे मी वाटून टाकणार होते, तर तिने दोन झबली काढून घेतली. म्हणाली, "ह्यां माका व्हया."

इतक्या वर्षांत ती आमच्याकडे खुर्चीवर कधी बसली नव्हती. मी किती वेळा म्हटलं तरी चहाचा पेला घेऊन स्वयंपाकघरात जमिनीवर, ओट्याला पाठ टेकून बसायची. तुमचे आजोबा गेले आणि त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी एका दुपारी मी जेवायला बसले होते, घास पुढे जात नव्हता. तिने आपलं ताट उचललं, टेबलावर माझ्यासमोर ठेवलं आणि आजोबांच्या खुर्चीशेजारची खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "वैनी, एकट्यान जेवू नये. घास उतरणा नाय." त्या दिवसापासून आम्ही दोघी समोरासमोर जेवायचो. ती मला शेजारपाजारच्या बातम्या सांगायची, मी तिला तुमच्या. सहा वर्षं असं चाललं. तुम्ही विचारता ना, "आजी, तू एकटी कंटाळत नाहीस?" नव्हते कंटाळत, ते तिच्यामुळे.

आमच्या इमारतीला सात मजले, प्रत्येक मजल्यावर चार घरं आणि लिफ्ट एक. तुम्हाला जाळीच्या दाराची ती जुनी खडखडणारी लिफ्ट आठवत असेल. गेल्याच्या आदल्या दिवाळीपूर्वी ती काढून नवी बसवली. आत चकचकीत पत्रा, मागे आरसा, आणि मजला आला की गोड आवाजात सांगणारी एक बाई. उद्घाटनाला नारळ फोडला, पेढे वाटले. मावशीला ती लिफ्ट फार आवडली. वर येताना आरशात बघून केसातली आबोली सारखी करायची, आणि दारातून आत येताच मला त्या बाईची नक्कल करून दाखवायची, "पाचवा मजला!" तिच्या तोंडून ते काही वेगळंच ऐकू यायचं.

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. सकाळी वॉचमन फाइल घेऊन आला. आमच्याकडची पद्धत अशी, की सोसायटीचा काही ठराव असला की एक कागद फाइलला लावून वॉचमन सातव्या मजल्यापासून सुरुवात करतो आणि एकेक दार वाजवत खाली येतो. घर नंबरापुढे सही करायची. फाइलला सुतळीने पेन बांधलेलं असतं. पाण्याच्या टाकीची सफाई, गच्चीची दुरुस्ती, असलंच काहीतरी असतं. कुणी वाचत नाही. दारात उभ्या उभ्या, एका हाताला कणीक लागलेली, दुसऱ्या हाताने सही.

पण मी वाचते. बत्तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली, कागद हातात आला की वाचल्याशिवाय खाली ठेवता येत नाही. मी वाचला. लिहिलं होतं, की नवी लिफ्ट स्वच्छ राहावी म्हणून घरकाम करणाऱ्या बायका, दूधवाले, पेपरवाले, इस्त्रीवाले यांनी यापुढे जिना वापरावा. सभासदांनी संमतीदर्शक सही करावी.

वर आठ सह्या होत्या. सातव्या मजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांची पहिली. त्यांना मी फार मानते. सहाव्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंचीही होती. आठही चौकोन भरलेले, नववा माझा.

आत मावशी भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज मला ऐकू येत होता.

मला ते पटलं नाही, हे मी तुम्हाला शपथेवर सांगते. पहिल्या ओळीलाच पटलं नाही. पण माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगते, कारण तेवढ्यासाठीच हे लिहायला घेतलंय. मला वाटलं, आठ शहाण्या माणसांना जे योग्य वाटलं त्यात मला माहीत नसलेलं काही असेल. मग वाटलं, माझा चौकोन कोरा राहिला तर खालच्या मजल्यांवर प्रत्येक दारात तो दिसेल, आणि लोक म्हणतील, पाचव्या मजल्यावरच्या बाईंना शहाणपणा दाखवायची हौस. वाटलं, नंतर सेक्रेटरींशी शांतपणे बोलता येईल. वॉचमन एका पायावरून दुसऱ्या पायावर होत म्हणाला, "म्याडम, साइन करो ना, अभी पूरा नीचे तक जाना है."

मी सही केली. नेहमीसारखी, स्वच्छ, खाली तारीख घालून.

ग्रंथालयात मानसशास्त्राचं एक कपाट होतं. माणूस घोळक्यात आपल्या डोळ्यांनी बघितलेलंसुद्धा कसं नाकारतो, यावर त्यातल्या एका पुस्तकात अख्खं प्रकरण होतं. मी ते दोनदा वाचलं होतं. दोन्ही वेळा मला ते दुसऱ्या कुणाबद्दल लिहिलंय असं वाटलं.

तीन दिवसांनी लिफ्टशेजारी नोटीस लागली. मावशी चौथीपर्यंत शिकलेली. सावकाश, पण वाचायची. त्या दिवशी ती जिन्याने वर आली. पदराने मान पुसत म्हणाली, "वैनी, खाली नोटीस लावलेली हा. आमका लिफ्ट बंद."

"हो, बघितली मी."

"सगळ्यांनी सह्या केल्यानी?"

मी फ्रिज उघडला. त्यातून मला काहीही काढायचं नव्हतं. फ्रिजकडे तोंड करून म्हणाले, "हो, सगळ्यांनी."

"सगळ्यांनी" म्हणाले. त्यात मीही आले, पण मी त्यात दिसत नव्हते. तिनेही पुढे विचारलं नाही. उलट हसत म्हणाली, "बरा झाला. मी काय म्हातारी झालंय? डोंगर चढतंय, तर ह्यां काय!"

पण ती म्हातारी झाली होती. साठी केव्हाच ओलांडली होती. सकाळी डोंगर उतरून यायचं, संध्याकाळी चढून जायचं, त्यात आता रोज पाच मजले, आणि भाजी किंवा गिरणीतून दळण आणायचं असलं की दोनदा. दारामागे तिचा श्वास मला किल्लीच्या आधी ऐकू यायला लागला. तिसऱ्या मजल्यावर ती बसते, हे मला पेपरवाल्याने सांगितलं. आठला पाच कमीचे सव्वाआठ झाले. गुडघ्याला तेल चोळून पट्टा बांधायला लागली. मी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, जिने टाळा. आम्ही दोघीही मान हलवून परत आलो. घरी येताना मी लिफ्टने आले. ती जिन्याने.

हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. तसंच झालं होतं, म्हणून राहू देते.

सेक्रेटरींशी शांतपणे बोलायचं ते राहूनच गेलं. त्याऐवजी मी एक पळवाट काढली. नाताळच्या सुमारास मी रोज सकाळी खाली उतरायला लागले. भेटल्यावर तिला म्हणायचे, "चल माझ्याबरोबर. माझ्यासोबत असलीस की कोण काय बोलणार?" पहिले दोन दिवस ती नको नको म्हणाली. तिसऱ्या दिवशी आली. आरशाकडे पाठ करून, पिशवी छातीशी धरून कोपऱ्यात उभी राहिली.

पहिल्या मजल्यावर लिफ्ट थांबली आणि आमच्या समोरच्या घरातल्या काकू आत आल्या. तुम्ही त्यांना ओळखता, तुम्हाला चिक्की देणाऱ्या. बाई मनाने वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. मावशीला बघून त्या हसल्या आणि मला कोपर मारत म्हणाल्या, "काय गं, तू तर भारीच निघालीस! स्वतः सही करायची, आणि स्वतःच कायदा मोडायचा? आम्ही तर तुझी सही बघून केली हो!"

मी काहीतरी हसले. काय हसले, कशाला हसले, देव जाणे.

मावशीने माझ्याकडे बघितलं नाही. तिने दोनचं बटण दाबलं. त्या गोड आवाजाच्या बाईने "दुसरा मजला" म्हटलं, दार उघडलं, आणि मावशी बाहेर पडली. जाताना काकूंना म्हणाली, "जावा तुमी." तिची चप्पल जिन्यावर वाजत राहिली. आम्ही दोघी वर पोहोचलो. काकू आपल्या दाराशी गेल्या आणि तिथून म्हणाल्या, "अगं, मी मस्करी केली. तिला लागलं की काय?" मी म्हटलं, "नाही हो." आणि दारात उभी राहून ती वर येण्याची वाट बघत राहिले. वर आली ती थेट आत गेली आणि पीठ चाळायला लागली.

ती रागावली असती, बोलली असती, काम सोडते म्हणाली असती, तर मला बरं वाटलं असतं. त्यातलं काहीच झालं नाही. काम रोजच्यासारखं झालं. दुपारी मी टेबलावर दोन ताटं मांडली. तिने आपलं ताट उचललं आणि ओट्याला पाठ टेकून खाली जमिनीवर बसली.

"इथे ये ना गं."

"नको वैनी. गुडग्याक खुर्ची सोसणा नाय."

गुडघ्याला खुर्ची सोसत नाही आणि जमीन सोसते, असं कधी असतं का? दोन-अडीच महिने आम्ही अशाच जेवलो, मी वर, ती खाली. बातम्या सांगणं थांबलं. तुमचं मात्र ती विचारायची. "पोरां कशी हत?" मी सांगायचे. ती "बरा" म्हणायची आणि ताट धुवायला उठायची.

मग शिमगा आला. ती दरवर्षी शिमग्याला गावी जायची आणि दहा दिवसांनी यायची. येताना आमसुलं आणायची. त्या वर्षीही पिशवी भरून निघाली. मी म्हटलं, "पालखी नाचली की ये हं लवकर." ती म्हणाली, "बघू." तिने यापूर्वी कधी "बघू" म्हटलं नव्हतं. ती गेल्यावर मी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले, तर ओट्यावर, पुसून कोरड्या केलेल्या जागेवर, घराची किल्ली ठेवलेली होती.

पंधरा दिवस मी वाट बघितली. सोळाव्या दिवशी मी एक कागद घेतला. जिन्याबद्दलचा तो ठराव रद्द करावा, लिफ्ट सर्वांना खुली असावी, असं लिहिलं. वर कारणं लिहिली, खाली अठ्ठावीस घरांचे रकाने आखले, माझ्या रकान्यात सही केली आणि यावेळी वॉचमनकडे न देता मी स्वतः सातव्या मजल्यावर गेले. मला भांडण होईल असं वाटलं होतं. मी वाक्यं पाठ केली होती.

प्राध्यापकांनी दार उघडलं, कागद बघितला आणि म्हणाले, "बरं झालं तुम्ही आणलंत. मला ते मुळीच आवडलं नव्हतं."

"पण सर, पहिली सही तुमची होती."

"अहो, मला वाटलं कमिटीने सगळ्यांना विचारूनच काढलाय. अठ्ठावीस घरांनी ठरवलेलं मी एकटा काय अडवणार?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सरांनी केली होती ना, म्हणून मी केली. खरं तर मी रोज पेशंटना जिने चढू नका सांगते हो. इतकी लाज वाटली नंतर." चौथ्या मजल्यावरचे म्हणाले, "तुमची होती वरती. तुम्ही वाचल्याशिवाय करत नाही, हे सगळ्यांना माहितीय. म्हटलं, म्हणजे ठीकच असणार." हे वाक्य मला त्या दिवशी चार दारांत, थोड्याफार फरकाने, ऐकायला मिळालं. एका घरातल्या सूनबाई तर म्हणाल्या, "आमची बाई तेव्हापासून येतच नाही काकू, मीच भांडी घासते. पण सगळ्यांनाच हवं होतं ना ते?"

कुणालाच हवं नव्हतं. तळमजल्यावर सेक्रेटरी भेटले, तेव्हा मूळ कळलं. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या एका बाईंनी तक्रार केली होती, कुणाच्या तरी पिशवीतून मासळीचं पाणी लिफ्टमध्ये गळलं म्हणून. "मी म्हटलं, कागद फिरवून बघू," सेक्रेटरी म्हणाले. "दोन-चार जणांनी जरी नाही म्हटलं असतं ना मॅडम, मी विषयच सोडला असता. मलाही काय हौस होती? पण एक चौकोन कोरा आला नाही."

"आणि त्या बाई?"

"त्या तर केव्हाच ठाण्याला गेल्या. नोटीस लागली त्याच आठवड्यात."

एका संध्याकाळीत अठ्ठावीस सह्या झाल्या. भराभर. मी इतकी कारणं लिहिली होती, दोन परिच्छेद, नीट मुद्देसूद. पण प्राध्यापक आणि डॉक्टरीणबाई सोडल्या तर कुणी तो कागद वाचलासुद्धा नाही. वर सह्या होत्या, तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी नोटीस निघाली. इतकं सोपं होतं. नोव्हेंबरातही इतकंच सोपं होतं, हे मनातून जात नाही.

मग मी मावशीला गावी फोन केला. तिच्या सुनेने उचलला आणि तिला दिला. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मी म्हटलं, "नोटीस काढली गं. लिफ्ट सगळ्यांना सुरू झाली. मी सगळ्यांच्या सह्या घेतल्या."

"बरा झाला. आमच्या बायकांक आराम पडलो." आमच्या बायकांना म्हणाली, स्वतःला त्यात धरलं नाही.

"मग तू कधी येतेस?"

"आता खय वैनी. ह्या गुडग्यांनी काय होवचा नाय. हयच बरा. आमच्या घराक जिनोच नाय, सगळा एकाच मजल्यार." ती हसली, मीही हसले. कोंबड्या बोलत राहिल्या.

मला म्हणावंच लागलं. "मी सही केली होती. तुला तेव्हा सांगितलं नाही."

"माका म्हायत होता."

"लिफ्टमध्ये कळलं ना तुला?"

"आदीच कळला होता. वॉचमनान कागद दाखवल्यान, नोटीस लागाच्या आदी. तुमची सही मी वळखतंय, पोस्टमनच्या वहीत बघतंय ना रोज. म्हणून तर तुमका इचारलंय, सगळ्यांनी केल्यानी काय म्हणान." मग ती म्हणाली, "सही केल्यात त्याचा काय नाय ओ. सगळे करतत, माणूस करता. पन माका तुमी सांगूक व्हया होता."

हे ती रागाने बोलली नाही. तुम्ही सांडवलेलं दूध पुसताना ज्या आवाजात बोलायची, त्याच आवाजात बोलली. मी माफी मागितली. ती म्हणाली, "जावंदे." पण "येतंय" म्हणाली नाही.

याला आता वर्ष होत आलं. सकाळी आता दुसरी बाई येते. कामाला चांगली आहे, लिफ्टनेच येते. लिफ्ट बंद होती, तो काळ तिला माहीत नाही, आणि मी सांगितलेला नाही. त्यानंतर सोसायटीचे तीन कागद फिरले. एकावर मी सही केली नाही. कागद तसाच खाली गेला, आणि खाली आणखी दोन चौकोन कोरे राहिले. काही झालं नाही, कुणी काही बोललं नाही. त्या दिवशी मला आनंद व्हायला हवा होता. मी दुपारी जेवले नाही.

मुलांनो, तुमची मावशी परत येणार नाही. ती गावाला गेलीय हे खरं आहे, पण ती माझ्यामुळे गेली, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. तुम्ही आलात की तुम्हाला तिच्याकडे घेऊन येऊ का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "पोरांक घेवन येवा." मला या म्हणाली की नाही, ते मी विचारलं नाही.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी मी तिला फोन करते. ती उचलते. गुडघ्यांचं सांगते, तुमचं विचारते, पाच-सात मिनिटं बोलते आणि मग "ठेवतंय" म्हणते. तेवढं अजून आहे.

तुमची,
आजी